‘व्हय म्हाराजा’ कुणाला म्हणायचं?

‘‘ताई, नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. माझे मिस्टर मुंबईत नोकरीला असतात. गावच्या घरी सासूबाई, मी आणि यंदा अकरावीत गेलेली माझी मुलगी. सासरे जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या जवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एका महाराजांचा मठ झाला. शेजारणीबरोबर सासूबाई एका गुरुवारी तिथे गेल्या. पहिल्याच भेटीत महाराजांनी सांगितलं की जमिनीवरून भाऊबंदांत तेढ आहे, घरचा कर्ता पुरुष लांब आहे आणि गेलेल्या माणसाची एक इच्छा अपुरी राहिली आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या. तेव्हापासून त्या तिथल्याच होऊन गेल्या. गेल्या वर्षी हातातल्या पाटल्या देऊन आल्या. तीन महिन्यांपासून मधुमेहाच्या गोळ्या बंद आहेत, त्याऐवजी अंगारा पाण्यातून घेतात. आता महाराज म्हणतात, येत्या गुरुपौर्णिमेला कलमांची बाग मठाच्या नावावर करा, नाहीतर मुलावर मोठं संकट आहे. गेल्या आठवड्यात निरोप आला की नातीलाही दोन रात्री ‘सेवेला’ पाठवा. मी विरोध केला तर सासूबाई म्हणाल्या, ‘माका हयसर कोण इचारता? म्हाराज तरी इचारतत.’ मी नास्तिक नाही. आमच्या रवळनाथावर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच गोंधळले आहे. हे महाराज खरे की खोटे, कसं ओळखायचं? आणि आईंना न दुखवता काय करू?’’

– एक सून, देवगड तालुका

ताई, तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीला थांबायला वेळ नाही, म्हणून ती आधी सांगते. मुलीला मठात पाठवू नका. दोन रात्री नाही आणि दिवसाउजेडी एकटीला तासभरही नाही. यावर घरात वाद घालू नका, ‘ती येणार नाही’ एवढंच सांगा आणि त्यावरून हलू नका. मग एका दुपारी मुलीला जवळ घेऊन बसा. आजीबरोबर ती याआधी मठात गेली असेल तर तिथे तिला काही खटकलं का, कुणी काही बोललं का, हे विचारा. ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका, मध्ये ओरडू नका, ‘मग तेव्हाच का नाही सांगितलंस’ असं तर मुळीच म्हणू नका. काही वावगं घडलं असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, आणि ११२ तर आहेच.

मी कुणावर आरोप करत नाही. त्या माणसाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, आणि नेमकं म्हणूनच मुलगी जायची नाही. २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. ती मुलगी त्यांच्याच संस्थेच्या शाळेत शिकत होती. तिचे आईवडील त्यांचे भक्त होते आणि गुरूच्या भरवशावर त्यांनी मुलीला पाठवलं होतं. त्या आईबापांची श्रद्धा तुमच्या सासूबाईंच्या श्रद्धेइतकीच खरी असणार. त्या श्रद्धेने मुलीचं रक्षण झालं नाही.

आता त्या तीन खऱ्या ठरलेल्या गोष्टींकडे येऊ, कारण सगळा डोलारा त्यांवर उभा आहे. जमिनीवरून तेढ, कर्ता पुरुष लांब, गेलेल्याची इच्छा अपुरी. ताई, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि माझ्या माहितीतली घरं मोजायला लागले. कोकणात कुठल्या घरात भाऊबंदकी नाही? आपल्या सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला पंधरा-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि चार वर गेलेली. कर्ता पुरुष मुंबईला असणं हे तर आपल्या किनाऱ्याचं शंभर-दीडशे वर्षांचं दुखणं आहे, चाकरमानी हा शब्दच त्यातून आला. आणि इच्छा पुरी होऊन गेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. हीच तीन वाक्यं दापोलीत म्हणा, राजापुरात म्हणा, वेंगुर्ल्यात म्हणा, समोरच्या बाईचे डोळे भरून येतीलच. शिवाय अशा ठिकाणी रांगेत शेजारी बसून आपुलकीने चौकशी करणारं कुणीतरी बहुधा असतं. ‘कुठल्या तुम्ही? घरात कोण कोण? मालक कधी गेले?’ आपण भोळेपणाने सांगतो आणि अर्ध्या तासाने तेच आतून ऐकतो. सासूबाईंबरोबर गेलेल्या शेजारणीला सहज विचारून बघा, बाहेर कोण कोण बोलायला आलं होतं.

पुढे अंगाऱ्याने बरंही वाटतं, ते का? विंचवाचं उदाहरण घ्या. विंचू उतरवणारे आपल्याकडे गावोगाव होते आणि त्यांचा गुण येतो असं लोक शपथेवर सांगत. गुण यायचा, कारण विंचू चावलेली बहुतेक माणसं काही न करताही काही तासांनी बरी होतात. बरं झालेलं माणूस मंत्राचं नाव घेतं. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं तेव्हा मात्र मंत्र निरुपयोगी, आणि त्यात गेलेलं पोर ‘आयुष्यच तेवढं’ म्हणून सोडून देतात, मंत्राच्या खाती जमा होत नाही. महाडच्या परिसरात आयुष्य घालवलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशी मरणं डोळ्यांनी पाहिली आणि एरवी रक्तदाबावर दिलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध या विषावर कसं चालतं हे दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी किती जगले हे मोजलं तसंच किती गेले हेही मोजलं. तुमच्या सड्यावरच्या मठात गुण न आलेल्यांची मोजदाद कुणी ठेवतं का? ते येईनासे होतात आणि ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणून त्यांचाच दोष निघतो. मठाचा हिशेब नेहमी फायद्यातच राहतो.

हवेतून विभूती, लाल होणारं लिंबू असले प्रकार तिथे होतात का ते तुम्ही लिहिलेलं नाही. होत असतील तर त्यात अडकू नका. भाताच्या पेजेत मळून वाळवलेली राखेची गोळी बोटांच्या बेचक्यात धरली आणि चिरडली की विभूती पडते. हळदीला चुना लावला की लालभडक होतं, हे कुठल्याही आजीला ठाऊक आहे.

तुम्ही विचारता, खरा की खोटा कसं ओळखायचं. तुमची रवळनाथावर श्रद्धा आहे, मग उत्तर तिथूनच शोधू. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते कुठे? सभामंडपात, मानकऱ्यांसमोर, सगळ्या गावासमोर. कुणाच्या घरी काय अडचण आहे ते मोठ्याने सांगितलं जातं आणि सगळं गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं. त्यातला म्हाराजा देव असतो आणि गाऱ्हाणं घालणारा गावचाच एक माणूस. उद्या तो चुकला तर त्याला अडवणारे शंभर जण तिथे उभे असतात. सासूबाईंना मठात जे सांगितलं जातं ते चारचौघांत सांगितलं जातं का? बागेचा विषय सगळ्यांसमोर निघाला की दार लोटून, ‘कुणाला बोलू नका, नाहीतर फळ जाईल’ असं बजावून? मी इतक्या वर्षांत अशी जेवढी पत्रं वाचली, त्यात गुप्ततेची अट जवळपास प्रत्येकात होती. घरच्यांपासून लपवायला सांगणारा माणूस घर तोडायच्या वाटेवर असतो, मग त्याच्या गळ्यात कुठलीही माळ असो.

दुसरी खूण भीतीची. ‘नाहीतर मुलावर संकट आहे.’ ज्याला आपण गुरू म्हणतो तो भीती कमी करायला हवा. इथे तर संकट सांगणारा आणि त्यावरचा उतारा देणारा एकच, आणि उताऱ्याची किंमत दर खेपेला वाढते आहे. आधी गुरुवार, मग पाटल्या, मग बाग, आता नात. वर मुदतही दिलेली आहे, गुरुपौर्णिमेची. देवाधर्माच्या कामात एवढी घाई कशाला? घाई त्याला असते ज्याला ठाऊक असतं की मुंबईचा मुलगा गणपतीला घरी येईल आणि कागद बघायला मागेल.

सासूबाई वाचणाऱ्यातल्या असतील तर दासबोधाच्या पाचव्या दशकातला दुसरा समास त्यांच्याबरोबर बसून वाचा. त्याचं नावच ‘गुरुलक्षण’ आहे. करामती दाखवणाऱ्यांनाही लोक गुरू म्हणतात, पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत, असं समर्थांनी तिथे स्वच्छ सांगितलं आहे. शिष्याला साधनेला न लावणारे, इंद्रियांना आवर घालायला न शिकवणारे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत, हेही त्याच समासात आहे. हा ग्रंथ आपल्या कोकणातच, महाडजवळच्या शिवथरघळीत सांगितला गेला अशी परंपरा आहे. परका कुणी सुधारक हे बोलत नाही, घरच्या देव्हाऱ्याजवळची पोथी बोलते आहे. तुम्ही म्हणालात तर ते सासूबाईंना टोचेल. त्यांनी स्वतः वाचलं तर कदाचित मुरेल.

आणि कुडाळजवळच्या माणगावचे टेंबे स्वामी त्यांना ठाऊक असतीलच. १८५४ मध्ये आपल्या या मातीत जन्मलेला हा संन्यासी देशभर पायी हिंडला आणि १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाला. त्यांच्या वाटेवर कुणाच्या बागेचा सातबारा आड आला नाही. वारीतही पाहा, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, समोरचा लहान का असेना. मान सगळ्यांत वाटलेला असतो. एकानेच उंच आसनावर बसायचं आणि बाकीच्यांनी फक्त वाकायचं, यात कितीही चांगला माणूस बिघडतो असं मला वाटतं. रोज पाय धुवून घेणाऱ्याला हळूहळू आपण चुकतच नाही असं वाटू लागतं, आणि भोवतालच्यांना त्याची चूक दिसली तरी बोलायची हिंमत राहत नाही. काही जण लबाडी करायला येतात, काही इथेच लबाड होतात. फसणाऱ्या घराला दोन्हींत फरक पडत नाही.

म्हणून माझी कसोटी एवढीच आहे. तिथे जायला लागल्यापासून माणसाचं काय झालं ते बघायचं. सासूबाई आधीपेक्षा निर्धास्त झाल्या की घाबऱ्या? नातीशी, शेजाऱ्यांशी जास्त बोलतात की कमी? स्वतःचा निर्णय स्वतः घेतात की कलमांना खत घालायचं की नाही हेही मठात विचारतात? याची उत्तरं तुम्हाला माहीत आहेत. ती लिहून ठेवा, महिन्यावार, तारखांसकट. पुढे उपयोगी पडतील.

आता अवघड भाग. ‘भोंदू’ हा शब्द सासूबाईंसमोर उच्चारू नका. हे मी फार महाग शिकले आहे. माझी मावशी खाडीपलीकडच्या गावात एकटी राहायची. तिच्या छातीत गाठ आली तेव्हा ती आठ महिने एका बुवाचं तीर्थ घेत राहिली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि बरोबर होते. दर खेपेला होडीतून उतरून तिच्याकडे जायचे आणि तो कसा लबाड आहे ते पटवून द्यायचे. तिला ते पटत नव्हतं असं नाही. पण कबूल करायचं म्हणजे आठ महिने, दिलेले पैसे, शेजाऱ्यांसमोर गायलेलं महात्म्य, सगळंच चुकलं म्हणायचं. ते तिला झेपेना. मग तिने मला सांगणंच बंद केलं. मुंबईच्या इस्पितळात आणली तोवर आजार यकृतापर्यंत गेला होता. शेवटच्या दिवसांत ती मला म्हणाली, ‘‘तू आलीस की भांडायचीस गो. तिथे गेलं की कुणीतरी डोक्यावर हात ठेवायचं.’’ या वाक्याला पस्तीस वर्षं झाली. मी अजून त्याला उत्तर शोधते आहे.

तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचलं आणि मला तीच ऐकू आली. ‘माका हयसर कोण इचारता?’ ताई, तुमच्या अख्ख्या पत्राची किल्ली या चार शब्दांत आहे. नवरा गेला. मुलगा फोनवर ‘जेवलीस का’ विचारून ठेवतो. बागेचे निर्णय परस्पर होतात. नात मोबाइलमध्ये. ज्या बाईने चाळीस वर्षं हंगामात पेट्या भरल्या तिला आता घरात काम उरलं नाही, आणि मठात मात्र तिला नावाने हाक मारतात, भाजी निवडायला देतात, ‘आई, तुमच्याशिवाय अडतं’ म्हणतात. तिथलं सगळं खोटं असलं तरी ही हाक तिच्या कानाला खरीच लागते. ती हाक घरातून आली पाहिजे. मठात जाऊ नका असं म्हणण्याआधी गुरुवारी संध्याकाळी घरात काय असेल ते ठरवा. तुमच्या वाडीत बायकांचं भजन असेल तर ते आपल्या ओटीवर बोलवा आणि चहापाणी त्यांच्या हाताने होऊ द्या. मिस्टरांना सांगा, रोज रात्री दहा मिनिटं फक्त आईशी बोलायचं, आणि बागेबद्दल त्यांना विचारायचं: यंदा कुठल्या कलमाला मोहर उशिरा आला, बाबांनी ते कुठून आणलं होतं. आधी हे नाटकी वाटेल. महिनाभराने वाटणार नाही.

‘अपुरी इच्छा’ कोणती, तेही एकदा त्यांना विचारा. महाराजांनी शब्द दिला, अर्थ त्यांनीच मनात भरला असणार. सासऱ्यांची इच्छा एखादी विहीर बांधायची असेल, कुणाशी तुटलेलं बोलणं सुरू करायची असेल, तर ती घरच्यांनी मिळून पुरी करा. मठाच्या हाती ती एक चावी आहे, तेवढीच काढून घ्या.

गोळ्यांचं मात्र या आठवड्यात बघा. तीन महिने बंद असलेल्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर परस्पर सुरू करू नका, आधी तपासणी. गेल्या तीन महिन्यांतली साखर सरासरी किती होती ते एचबीएवनसी या एका रक्तचाचणीत कळतं. ‘अंगाऱ्याने किती गुण आलाय ते तरी बघूया’ म्हणून न्या. यात फसवणूक नाही, तो आकडा त्यांनाही कळायला हवा. सारखी तहान, सारखी लघवी, डोळ्यांवर झापड असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रोज रात्री पाय तपासा, जांभ्यावर अनवाणी चालणाऱ्या मधुमेही माणसाला ठेच लागलेली कळतही नाही. आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की त्या देव्हाऱ्यात ठेवा. दिवा लावून, नमस्कार करून, तीर्थासारखी हातावर द्या. हवा तर अंगाराही लावू दे कपाळाला. कपाळावरच्या अंगाऱ्याने कुणाचं बिघडत नाही, गोळीच्या जागी आलेल्या अंगाऱ्याने बिघडतं.

बागेचं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही, म्हणजे मठाला. सासऱ्यांच्या नावावर जमीन होती आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुली सारखे वाटेकरी होतात. सासूबाईंना फार तर स्वतःच्या हिश्शाचं काही करता येईल. शिवाय कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकता येत नाही, तशी बक्षीसही देता येत नाही. उद्याच ताजा सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार काढा, नणंदांनाही कळवा. पण कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बक्षीसपत्र एकदा नोंदलं गेलं की मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही, कोर्टाच्या पायऱ्या येतात. कोऱ्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही, एवढं सासूबाईंकडून कबूल करून घ्या. बाकी ‘नाही’ म्हणायची गरजच नाही. ‘गणपतीला सगळे येतील, तेव्हा सगळ्यांच्या सहीने करूया’ म्हणा. खऱ्या साधूला दोन महिने जड जाणार नाहीत.

पाटल्यांची पावती आहे का, मठाची न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, हे मिस्टरांनी विचारावं, तुम्ही नको. सार्वजनिक न्यासाला हिशेब ठेवावे लागतात, नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला.

आणि धमक्या थांबल्या नाहीत तर पोलीस ठाण्यात जायला कचरू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. आपल्यात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून ‘माझं ऐकलं नाही तर वाईट होईल’ अशी भीती घालणं, चमत्काराच्या नावाने पैसे उकळणं हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. पूजा, वारी, कीर्तन, भजन यांना या कायद्याने हातही लावलेला नाही, तेव्हा गावात कुणी ‘देवाच्या विरुद्ध गेलात’ म्हणालं तर हे सांगा. दाभोलकरांनी उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती अशा प्रकरणांत सोबत करते. पण त्यांना थेट घरी आणून सासूबाईंसमोर उभं करू नका. आधी तुम्ही आणि मिस्टर जाऊन बोला.

सासूबाई मठात जायच्या एका दिवसात थांबणार नाहीत. मधल्या काळात कधी एखाद्या गुरुवारी त्या चिडून, रडून, किंवा नुसत्याच गप्प परत येतील. तेव्हा काय झालं ते विचारू नका, ‘मी सांगत होते ना’ हे तर गिळूनच टाका. पाय धुवायला पाणी द्या, ताट वाढा आणि शेजारी बसा.

रक्ताचा रिपोर्ट आला की आकडा मला कळवा. आणि मुलीशी बोलणं झालं की तेही.